माझी पिशवी तूच उघड

१४ सप्टेंबर

जोसाया,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी माझा आवाज ऐकला की "लाइन खराब आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. लाइन चांगली ठणठणीत असते. मला पलीकडे तुझ्या किटलीची शिट्टीसुद्धा ऐकू येते. म्हणून म्हटलं, पाकिटात बसून यावं. वाकड्या तळ्याच्या धावपट्टीवर उतरलेली एकही पिशवी, खोका, पाकीट तू उघडल्याशिवाय गावात जात नाही. लोकांच्या तान्ह्या बाळांची दुपटी झटकून बघणारा माणूस आईचं पत्र तेवढं सोडून देईल, असं होईल का?

उघडलंस ना? बघ. आत गोळ्या नाहीत. मीच आहे.

अक्षर माझं नाही, ते वर्नाचं. वर्ना शहरातल्या या इस्पितळात दुभाषी आहे. आपल्या क्री बोलणाऱ्या माणसांचं डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं आपल्या माणसांना. वयाने तुझ्याएवढी. नदीच्या तोंडाकडची आहे, त्यामुळे बोलते ती तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी. हे वाक्य ती लिहिणार नाही म्हणते. लिही गं. लिहिलंन. मला अक्षर का नाही ते तुला ठाऊक आहे. शाळेचं सरकारी विमान पोरं आईबापांकडून उचलून न्यायला तळ्यावर उतरलं, तेव्हा माझ्या बापाने मला उलट्या होडीखाली सरकवलं आणि वर बसून पाइप ओढत राहिला. विमान गेलं. माझं शिक्षण तेवढ्यात पूर्ण झालं.

तुला निरोप ठेवून आले होते, तपासण्यांना चालले म्हणून. तपासण्या झाल्या. इथले मोठे डॉक्टर हालोनेन, उंच, पांढरेफटक, उकडलेल्या माशासारखे. पण माणूस बरा. उभ्याने बोलत नाहीत, खुर्ची ओढून बसतात. ते म्हणाले की पाठीतलं ते सगळीकडे पसरलंय, आता बरं करण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या रोगाचं नाव मी घेत नाही, त्याला आपलं नाव ऐकायला फार आवडतं. सांगून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे असे बघत बसले, जशी काही वाईट बातमी मीच त्यांना दिली. मी वर्नाला म्हटलं, विचार त्यांना, सकाळपासून काही खाल्लंय का? नव्हतं खाल्लेलं. माझी जेली दिली. खाल्ली बिचाऱ्याने.

मग त्यांनी विचारलं, "हेस्टरबाई, पुढचे दिवस कुठे काढायला आवडेल?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? माझी खाट तळ्याकडच्या खिडकीला लावलेली आहे, चुलीतला धूर वारा फिरला की आत येतो, मांजर पायावर झोपतं. डॉक्टर म्हणाले, जमेल, पण दुखणं दाबणारं औषध बरोबर जाणार असेल तरच. औषधाशिवाय मी तुम्हाला विमानात बसवणार नाही.

आणि ते औषध म्हणजे तुझ्या नियमातलं, जोसाया. तुझा डॅरिल तसल्याच गोळ्यांनी गेल्यावर तू गावच्या कौन्सिलकडून जो करून घेतलास, की त्या जातीच्या औषधाचा कणसुद्धा वाकड्या तळ्याच्या गावात उतरणार नाही, नर्सच्या दवाखान्यातल्या कपाटातही नाही.

मी काही मागत नाही. इथे खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, एवढंच सांगते. रानहंस दक्षिणेला चाललेत. त्या गाड्यांवरून जातात, खाली बघतसुद्धा नाहीत.

तुझी आई

२२ सप्टेंबर

जोसाया,

पत्र पोचलं हे मला कळलं, कारण विमान मंगळवारी उतरलं आणि तू कधी विमान चुकवत नाहीस. उत्तर नाही आलं. ठीक आहे. मी माझं बोलते. वर्नाला पगार मिळतोच आहे.

डॉक्टरांकडे एक मेलेला पंप आहे. मेलेला म्हणजे बिघडलेला, लोकांना समजवायला ठेवलेला. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा. औषध त्याच्या पोटात, पोटाला कुलूप, किल्ली नर्सकडे. केसाएवढी नळी कातडीखाली जाते आणि थेंब थेंब सुटत राहतो. तसलाच एक जिवंत माझ्या झग्याला लटकवलाय. लटकवल्यापासून मी माणसात आले. आधी मला वाटायचं माझ्या पाठीत कोणीतरी सुरीने मूस हरणाचं कातडं सोलतंय. आता तो सोलणारा शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. ऐकू येतो, पण दाराआडून.

मेलेला पंप मी दिवसभर मांडीवर घेऊन बसले. म्हटलं बघू तरी उघडतो का. चमच्याने पाहिलं, लोणी लावायच्या सुरीने पाहिलं, उरल्यासुरल्या दातांनी पाहिलं. मरीसोल हसत सुटली. मरीसोल ही नर्स, फिलिपिन्सची. तिची आईही तिकडे आजारी, तीही आईला फोनमध्येच भेटते. इथे सगळे मला कोकुम म्हणतात, आजी, तशी तीही म्हणते. म्हणाली, "कोकुम, हे फोडायला कुऱ्हाड लागेल."

"माझ्या घरी आहे ना," मी म्हटलं.

आणि जीभ चावली. खरंच की. कुऱ्हाड कोणाच्या घरी नाही? तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस.

जेवणाचं विचारू नकोस. सूप आणतात, त्यात कोंबडी नुसती डोकावून गेलेली असते. माणसं भेटायला येतात तर एका वेळी दोनच आत. परवा तळ्याची काही मंडळी डॉक्टरकडे आली होती, ती माझ्याकडे आली, बाकीची बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसली. पहारेवाली म्हणाली, "हे सगळे तुमचे नातेवाईक?" मी म्हटलं, "नाही, निम्मेच. बाकीचे फक्त उपाशी आहेत."

अमोसची आठवण येते. तुझा मामा म्हणून नाही, माझा भाऊ म्हणून. फेब्रुवारीत गेला, आपल्या घरात, आपल्या अंथरुणात. सगळे म्हणाले, काय पक्का माणूस, औषधाशिवाय गेला. तू त्याच्या उशाशी बसून चर्चमधली गाणी म्हणत होतास. मोठ्याने म्हणत होतास. का मोठ्याने, ते मला ठाऊक आहे. मी बाहेर जाऊन लाकडं फोडत होते. घरात लाकडं भरपूर होती.

त्यानंतरच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, जोसायाने गावाचं दार इतकं घट्ट लावलंय की मरणालासुद्धा आत यायला इतका वेळ लागतो. लोक हसले. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. तेव्हापासून लाइन खराब आहे.

तुझी आई

३ ऑक्टोबर

जोसाया,

काल तुझा आवाज ऐकला!

गावच्या रेडिओवर बिंगोच्या खेळाच्या वेळात सभा लावली होती. वर्नाने आपला फोन जेलीच्या वाटीला टेकवून ठेवला आणि वाकडं तळं माझ्या खाटेवर आलं. खोकला कोणाचा, खुर्ची कोणाची करकरली, सगळं ओळखू येत होतं. डॉक्टर हालोनेनही माझ्याच खोलीत बसून बोलले. त्यांनी पंपाचं समजावलं, वर्नाने ते क्रीमध्ये सांगितलं. छान सांगितलं, बटाटा काढून ठेवला होता.

मग लोकांचे फोन. पहिली शेजारची ज्यूडिथ. "मी ज्यूडिथ बोलतेय. हेस्टर ऐकत असेल तर तिला सांगा, तिचं मांजर माझ्याकडे आहे आणि ते हेस्टरपेक्षा जास्त खातं आणि कमी बोलतं." लोक हसले. गावचा चीफ म्हणाला, "ज्यूडिथ, औषधाबद्दल काही म्हणायचंय का?" "माझीही पाठ अलीकडे..." म्हणाली, आणि मग म्हणाली, "नाही, काही नाही. मांजराचंच सांगायचं होतं." आणि फोन ठेवला.

तू ऐकलंस ना ते? मी ऐकलं.

मग तू बोललास.

"कुलूप आहे म्हणता," तू म्हणालास. "माझ्या पोराने शाळेतलं लोखंडी कपाट फोडलं होतं. ज्याला ते हवं असतं त्याला कुलूप म्हणजे पत्ता असतो. आज सगळ्या गावाने रेडिओवर ऐकलं की हेस्टरच्या अंगावर ते असणार. उद्या कोणी शिरला, तिच्या कातडीतून ते ओरबाडून नेलं, तर? डॉक्टर शहरात असतील. नर्स झोपलेली असेल. मी एक मुलगा त्यात घालवलाय. त्याच औषधासाठी माझ्या आईवर कोणी हात टाकलेला मला बघायचा नाही."

मला इथे हसू आलं. वर्ना डोळे पुसत होती, म्हणाली, "कोकुम, तुम्ही हसताय काय?" मी म्हटलं, "'माझी आई' म्हणाला. साऱ्या गावासमोर."

मग चीफ म्हणाला की निम्मं कौन्सिल मूसच्या मागे रानात आहे, तेव्हा शिकार आटोपली की मत घेऊ. बरोबर आहे. मूस थांबत नाही. डॉक्टर हालोनेननी वर्नाला विचारलं, "शिकार कधी आटोपते?" वर्ना म्हणाली, "मूस मिळाला की." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना पुन्हा जेली दिली.

आता माझं ऐक. तू म्हणतोस कोणी शिरेल. शिरेल कुठून? आपल्याकडे मरायला टेकलेल्या माणसाचं घर कधी रिकामं असतं का? तुझे वडील गेले तेव्हा आठव. किटली चुलीवरून उतरली नव्हती. दारात बुटांचा ढीग, स्वतःचा बूट शोधायला वेळ लागायचा. ओट्यावर, जमिनीवर, जिन्यावर माणसं, पत्ते खेळणारी, गाणी म्हणणारी, मासा कोणी कसा तळावा यावर भांडणारी. पोरं टेबलाखाली झोपलेली. तुझे वडील मधेच डोळे उघडून म्हणाले होते, "जरा हळू बोला रे, मी मरतोय." त्या घरात चोर शिरला असता तर त्याच्या हातात आधी चहाचा कप आला असता.

इस्पितळाला पहारेकरी ठेवावे लागतात, कारण इथे माणूस एकटा मरतो. आपल्याला कशाला हवेत?

आणि तरी हवाच असेल तर तू बस. तू बसलास तर कोणाची छाती होणार आहे? गावात तुला सगळे घाबरतात, मी सोडून. किल्ली तुझ्या गळ्यात घाल. नियम तुझा, पहारा तुझा, आई तुझी. बघ जमतं का.

तुझी आई

९ ऑक्टोबर

जोसाया,

वर्ना आज लिहायला नको म्हणत होती. मग बसली.

मी मरीसोलला म्हटलं, हे यंत्र बंद कर. ती डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "का?"

"बघायचंय," मी म्हटलं. "औषध नसलेल्या म्हातारीला माझा मुलगा कोणत्या नियमाने अडवणार? अमोसला जमलं. मला न जमायला काय झालं?"

"जमणार नाही, हेस्टरबाई."

"तुम्ही मला ओळखत नाही. मी उणे चाळीसच्या थंडीत, जनावरांचे फासे लावलेल्या वाटेवर बाळंत झालेय."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "वर्नाने सांगितलंय. दोनदा." मग म्हणाले, "अंग तुमचं आहे, तुम्ही म्हणाल तसं. पुन्हा लाव म्हणालात की त्या क्षणी लावू. मी दाराबाहेरच बसतो." आणि खरंच बसले, एवढा मोठा माणूस.

मी लापशी खाल्ली. वर्नाशी थट्टा केली. मनात म्हटलं, बघ, काही नाही. पिशवी भरायला सांगावी.

मग तो सोलणारा परत आला. दार न वाजवता.

सगळं नाही सांगत. तू अमोसजवळ बसला होतास, तुला सांगायला नको. मी खाटेची दांडी धरली. मग गाणं म्हणायला घेतलं, तुझ्यासारखं, मोठ्याने. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात जो आवाज निघाला तो अमोसचा होता, जोसाया. माझ्या तोंडातून. वर्ना उठून बाहेर गेली. तिचा राग नाही, मीही लाकडं फोडायला गेलेच होते.

जेवणाची गाडी यायच्या आत मी "लाव, लाव" म्हणत होते. ओरडत होते. मरीसोल नळी जोडत होती. डॉक्टरांनी माझं डोकं धरलं होतं. लोकांनी पाहिलं. मी, हेस्टर, जिने लोकांना हसवलं, तिने पोरीसारखा आकांत केला आणि लोकांनी पाहिला.

म्हणजे मी काही शूर नाही. तुला आता कळलं, मलाही.

आणि तपासण्यांना चालले म्हणून सांगितलं होतं, ते पुरतं खरं नव्हतं. पाठ धरली त्या दिवसापासून माझ्या कानात अमोस होता. मी भिऊन विमानात चढले. शाळेच्या विमानाला चुकवलेली मी, म्हातारपणी आपल्या पायांनी जाऊन बसले. तू येणाऱ्यांच्या पिशव्या बघतोस, जाणाऱ्यांच्या नाही. माझी बघितली असतीस तर समजला असतास. तपासण्यांना जाणारी बाई चर्चचा झगा आणि नवऱ्याचा फोटो बरोबर नेत नाही.

तर असं आहे. औषध आहे तिथे घर नाही. घर आहे तिथे औषध नाही. मी मधे. मधे म्हणजे इथे, गाड्या लावायच्या जागेसमोर.

मूस मिळाला का रे त्यांना?

आई

१७ ऑक्टोबर

जोसाया,

तुझा मासा मिळाला. चिठ्ठी नव्हती, पण गाठ तुझी. असली मुर्दाड गाठ दुसरा कोणी मारत नाही. मरीसोलला कात्री आणावी लागली.

धुरावर तू स्वतः सुकवला आहेस. भूर्जाच्या लाकडावर, आणि जरा घाईत, कडेला करपलाय. सगळ्या मजल्यावर वास गेला. कोणीतरी तक्रार केली. खिडकी उघडायची तर इथल्या खिडक्या उघडत नाहीत. आम्ही उडी मारू अशी त्यांना भीती आहे. मी मरीसोलला म्हटलं, मला कुशीवर वळायला दोन माणसं लागतात, उडी मारायला किती लागतील ते मोजून ठेवा.

खरं सांगते, खाल्ला नाही गेला. जिभेवर ठेवला, चव घेतली, काढून वर्नाला दिला. तिने खाल्ला आणि म्हणाली, आमच्या नदीवर याहून चांगला धुरावतात. आवडला म्हणजे.

आणि मग परवा तुझा फोन. वर्नाने माझ्या कानाला लावला. पलीकडे कोणी बोलेना. कुत्री भुंकत होती, त्यातलं ते काळं, आवाज बसलेलं, आपलं. मी म्हटलं, "लाइन खराब आहे वाटतं." तरी तू बोलेनास. म्हणून मीच बोलत राहिले, लापशीचं, पहारेवालीचं, डॉक्टरांचं. मग तू म्हणालास,

"आई, तळ्याच्या कडेला बर्फ धरायला लागलंय."

"माझी होडी वर ओढलीस का?"

"ओढली."

"उलटी घातलीस?"

"हो."

मग मागे घरघर ऐकू आली. तू म्हणालास, "विमान आलं." आणि गेलास.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. वर्ना म्हणाली, "कोकुम, कट झालाय." मला काय ते कळत नाही?

या फोनचं मी काय करू, तूच सांग. आनंद करू? तू होडीचं बोललास, खाटेचं नाही. पण होडी उलटी घातली म्हणालास. आपल्या घरात ते कशासाठी असतं, ते तुला ठाऊक आहे. लहानपणी डॅरिलपण तिथेच लपायचा. तू हाका मारत तळ्याच्या काठाने फिरायचास आणि मी स्वयंपाकघरातून बघत असायचे, सांगायचे नाही.

शिकारी परत आलेत असं ज्यूडिथच्या भाचीकडून कळलं. एक मूस, तोही लहान. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मत घेणार म्हणे.

आई

२४ ऑक्टोबर

जोसाया,

आज मी थोडं थोडं बोलते, वर्ना थोडं थोडं लिहिते. मधे मी झोपते. ती थांबते. पगार त्याचाही मिळत असेल.

सोमवार माझ्या आधी येईल असं मी धरून चालले होते. येईलही. पण काल डॉक्टर बसले, आणि खुर्ची नेहमीपेक्षा जवळ ओढली. म्हणाले, आता विमान झेपणार नाही. तुमच्या लोकांनी हो म्हटलं तरी मला पाठवता येणार नाही. वाटेतच काहीतरी होईल. त्यांनी परवानगीचे सगळे कागद तयार करून ठेवले होते म्हणे. माझा हात हातात घेऊन बसले. बराच वेळ. मी विचारलं, जेवलात का? जेवले होते. म्हणजे शिकले.

वर्ना, रडायचं तर कागद बाजूला ठेव, शाई फुटते.

तर जोसाया, त्या बाजूने मी येत नाही. दुसऱ्या बाजूने येईन. खोक्यातून. तेव्हा मला कुठे दुखणार नाही, त्यामुळे औषध लागणार नाही, त्यामुळे तुझ्या नियमात मी बरोबर बसते. मला कोणी अडवणार नाही. एवढं सरळ काम आधी सुचलं असतं तर इतकी पत्रं लिहावी लागली नसती.

हसू नकोस असं नाही. हस. मी हसण्यासाठीच म्हटलं.

सोमवारी तू काय हात वर करायचा तो कर. माझ्यासाठी करू नकोस, माझं झालं. पण सभेला जाण्याआधी ज्यूडिथकडे जा. मांजर बघायला आलोय म्हण. चहा घे. ती उठून किटली आणेल तेव्हा तिच्याकडे बघ, कशी उठते, कुठे हात टेकवते. रेडिओवर ती मांजराचं बोलली. तू तिच्या पाठीकडे बघ.

आणखी एक. मी डॉक्टरांकडून तो मेलेला पंप मागून घेतलाय. ते म्हणाले, "काय करणार त्याचं?" मी म्हटलं, मुलाला खेळणं. दिलान. पोट रिकामं आहे, कुलूप लावलेलं आहे, किल्ली इथेच राहते. तो माझ्या पिशवीत असेल, चर्चच्या झग्याच्या घडीत. तुझ्या वडिलांचा फोटो त्याच्यावर.

विमान उतरलं की तू धावपट्टीवर असशीलच. खोका उघडायचा की नाही, तुझी मर्जी. जमीन गोठायच्या आत आले तर बरं, खणणाऱ्यांचे हाल नकोत. पण पिशवी मात्र तूच उघड, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. सवयीने हात घालशील, झगा झटकशील, आणि तो तुझ्या हाताला लागेल. घाबरू नकोस. घरी ने. दार लाव. चमच्याने बघ, सुरीने बघ. मग कुऱ्हाड घे. तुला जेवढा राग आहे तेवढ्या जोराने घाल. डॅरिलच्या वाटणीची घाल, अमोसच्या वाटणीची घाल, माझ्याही. मनासारखं झाल्यावर बघ, उघडला का.

उघडला तर तुझं खरं.

नाही उघडला तर उचल, धूळ पूस आणि ज्यूडिथकडे ने. काही बोलू नकोस, तुला येत नाही. नुसता टेबलावर ठेव.

माझ्या घराचं कुलूप काढून ठेव. बूट दारात काढायला सांग, नाहीतर माझ्या फरशीवर चिखल करतील मेले. आणि विमानाची घरघर ऐकू आली की कोणाला तरी आधण ठेवायला सांग. मोठ्या किटलीत. माणसं बरीच येतील.

आई